घरात चालवायची सायकल : घेण्यापूर्वी काय पाहावे

जागेवरच फिरणारी, चाक जमिनीला न टेकणारी सायकल पूर्वी शहरातील व्यायामशाळेत किंवा मोठ्या इस्पितळातच पाहावयास मिळे. आता ती खेड्यातील घरांतही येऊ लागली आहे. कुणाला गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी सांगितलेली असते, कुणाची साखर वाढलेली असते, तर कुणाच्या मुलाने हैदराबादहून किंवा पुण्याहून आईवडिलांच्या काळजीपोटी मागवून थेट घरी पाठविलेली असते. खोके उघडले जाते, चार दिवस घरातील लहानथोर सारे तिच्यावर बसून पाहतात, आणि पावसाळा लागला की तिच्या हॅंडलवर ओली लुगडी वाळत पडतात. आठ-दहा हजार रुपये म्हणजे आपल्याकडे जवळजवळ एका एकराच्या सोयाबीनचे बियाणे, खत आणि वर एखादी फवारणी. तेवढा पैसा वाळवणाच्या दांडीत घालावयाचा नसेल, तर घेण्यापूर्वी थोडा विचार करावा, म्हणून हा पाठ.

पहिला प्रश्न वाचक आम्हांला विचारतील तो असा, की दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याला ह्या यंत्राची गरजच काय? प्रश्न रास्त आहे. बैलांमागे दिवसभर चालणाऱ्याला, किंवा तुरीत सायकल कोळपे ढकलणाऱ्याला आम्ही हे यंत्र घ्यावयास मुळीच सांगणार नाही. परंतु आपल्या शिवारातील काम आता पूर्वीचे राहिलेले नाही. नांगरट ट्रॅक्टरवर बसून होते, सोयाबीनची मळणी यंत्रावर होते, मोटार घरातूनच मोबाईलवर सुरू होते. तुरीची रास घरात आल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत कित्येकांच्या पायांना काम असे उरतच नाही. उरते ते ओझे उचलणे आणि तासन्‌तास उकिडवे बसणे. त्याने कंबर व गुडघे दुखतात खरे, पण हृदयाला व फुफ्फुसांना जो संथ, सलग व्यायाम लागतो तो त्यातून मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सांगितली आहे. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रोगी असल्याचे, व आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. उंबरठ्यावरच्या ह्या लोकांचे प्रमाण खेड्यात व शहरात जवळजवळ सारखेच निघाले. साखरेचा रोग हा शेटजींचा, असे जे आपण म्हणत आलो, ते आता सोडून द्यावे.

तरीसुद्धा, ज्याचे गुडघे धड आहेत आणि ज्याला सकाळी गाडीवाटेने शेतापर्यंत चालत जाऊन येता येते, त्याने तेच करावे. त्यास पैसे पडत नाहीत. घरातील सायकल ही ज्यांना ते जमत नाही अशांसाठी आहे. गुडघ्याची झीज झालेले, वजन फार वाढलेले, तोल जाणारे वृद्ध, नजर कमी झालेले, गुडघ्याचे ऑपरेशन होऊन घरी आलेले, ह्यांना चालताना जो भार पायावर पडतो तो सायकलवर पडत नाही, कारण शरीराचे बरेचसे वजन सीट घेते. बायकांची अडचण निराळीच असते. अंधार पडल्यावर किंवा पहाटे एकटीने रस्त्याला जाणे त्यांना नको वाटते. पावसाळ्यात काळ्या रानातील वाट चिखलाने बंद होते. आणि पुणे-हैदराबाद हमरस्ता आपल्या गावातून जातो. त्यावरील मालमोटारींच्या गर्दीत साठ वर्षांच्या माणसाने सायकल काढावी असे कोण सांगेल?

हे यंत्र मुळात आजाऱ्यांसाठीच निघाले, ही गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. १७९६ साली लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स ह्याने ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात पायांनी दाबावयाच्या फळ्या आणि हातांनी फिरवावयाचे दांडे होते, व आखडलेल्या सांध्यांना हालचाल देणे हा त्याचा हेतू होता. त्या वेळी रस्त्यावरची सायकल अजून जन्मलीही नव्हती. शर्यतीचा थाट व चकचकाट मागाहून आला. दुकानात हा थाटच आपल्यापुढे अधिक मांडला जातो, म्हणून ही आठवण दिली.

यंत्राचे प्रकार

सर्वांत लहान म्हणजे नुसती पायडलची चौकट. खुर्चीवर बसून ती पायांशी ठेवावयाची. हजार-दोन हजारांत मिळते. अर्धांगवायूनंतर पाय हलवावयास शिकणाऱ्याला, किंवा खुर्चीतून फारसे न उठणाऱ्या आजी-आजोबांना ती पुरते. तिचा दोष असा की जोर लावला की ती पुढे सरकते. तिच्यापुढे भिंत असावी किंवा खाली रबराची चटई असावी, आणि खुर्ची चाकाची नसावी. धडधाकट माणसाने ती घेऊ नये; पुरेसा ताण तिच्यात नसतो.

त्यानंतर उभ्या बैठकीची सायकल. हीच बहुतेक घरांत येते. हिच्यात दोन जाती आहेत. एकीत पुढे पंख्यासारखे उघडे चाक असते व हातांचे दांडे मागे-पुढे हलतात. जितके जोरात चालवावे तितका वारा अडतो आणि ताण वाढतो. ह्यात खांद्यांनाही व्यायाम होतो, पण आवाज पुष्कळ होतो, आणि शेजारच्या खोलीत बाळ निजलेले असले तर चालविणे कठीण. दुसरीत झाकलेले चाक असून त्याच्याजवळ लोहचुंबक पुढे-मागे सरकतो. चुंबक चाकाला स्पर्श करीत नाही, म्हणून काही झिजत नाही व आवाजही होत नाही. एक गोल मूठ फिरवून ताण कमी-जास्त करावयाचा. ह्याला वीज लागत नाही. फक्त पडद्यासाठी दोन सेल. आपल्याकडील वीजपुरवठा पाहता हे मोठेच सोयीचे आहे. ज्या यंत्रात ताण विजेवर बदलतो, ते दिवे गेले की अडून बसते.

तिसरा प्रकार मागे टेकून बसण्याचा. ह्यात सीट खुर्चीसारखी रुंद असते, पाठीला आधार असतो आणि पायडल पुढच्या बाजूस असतात. टांग टाकावी लागत नाही, खुर्चीत बसावे तसे बसावयाचे. कंबरदुखी असलेल्यांना, फार जड शरीराच्या माणसांना व सत्तरीच्या पुढच्यांना आम्ही हाच सुचवू. किंमत जास्त व जागा बाजेएवढी, एवढ्या दोनच अडचणी. लुगडे किंवा साडी नेसणाऱ्या स्त्रियांनाही ह्याच्यावर बसणे सोपे जाते.

चौथा प्रकार ‘स्पिन बाईक’ म्हणून विकला जातो. शर्यतीच्या सायकलीसारखे पुढे वाकून बसावयाचे, आणि चाक जड. तरुण मुलांना हाच आवडतो. ह्यातील एक धोका विक्रेते क्वचितच सांगतात. साध्या सायकलीचे पायडल थांबविले तरी चाक फिरत राहते. ह्यात बहुधा तसे नसते. चाक फिरते आहे तोवर पायडलही फिरतातच. पाय एकदम थांबविला तर गुडघ्याला झटका बसतो, आणि पाय निसटला तर पायडल नडगीवर आपटतो. थांबण्यासाठी ताणाची मूठ खाली दाबावी लागते. घरात रांगती-चालती मुले असतील तर हे उघडे जड चाक म्हणजे बोटांचा घातच. पन्नाशीपुढच्या शेतकऱ्याने किंवा गुडघेदुखी असलेल्या बाईने हा प्रकार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपलीच सायकल स्टॅंडवर चढवून

पाचवा मार्ग म्हणजे नवे यंत्र न घेता, आपल्या सायकलीचे मागचे चाक एका लोखंडी स्टॅंडमध्ये अडकवून ती जागेवर चालविणे. शर्यतीचे सायकलपटू हेच करतात. ह्या बाबतीत आपल्या मराठी मुलखातील उदाहरणे मोठी आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या जोडीने पुरी करून आले. २०१७ साली तीच शर्यत लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी एकेकट्याने पार केली. पुढे २०२० साली करोनाच्या साथीमुळे ती प्रत्यक्ष भरू शकली नाही, तेव्हा स्पर्धकांनी आपापल्या घरीच स्टॅंडवर सायकल चढवून तितकेच दिवस चालविण्याची स्पर्धा झाली. तीत भारतीय सेनेतील लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू ह्यांनी बारा दिवसांत ४ हजारांहून अधिक किलोमीटर घरात बसून कापले व तिसरा क्रमांक मिळविला. एका खोलीत, एका जागी, बारा दिवस! सायकल पुढे एक वीतही सरकली नाही, पण हृदय, फुफ्फुसे व मांड्या ह्यांनी ते सारे अंतर खरोखरच कापले.

हे वाचून कुणाला वाटेल की आपली ओसरीवरची जुनी काळी सायकल तशीच चढवावी. येथे थोडे थांबावे. बाजारातील बहुतेक स्टॅंड मागच्या आसाच्या दोन टोकांना दोन्ही बाजूंनी आवळतात, आणि ते गिअरच्या सायकलींच्या आसाच्या मापाने केलेले असतात. आपल्या काळ्या सायकलीला आसावर जाड नट असतात, त्यातच कॅरिअरच्या व स्टॅंडच्या पट्ट्या अडकविलेल्या असतात, आणि चाकही अठ्ठावीस इंची म्हणजे त्या सायकलींहून मोठे. पुष्कळ स्टॅंड तिला बसतच नाहीत. तेव्हा मागवण्यापूर्वी आस व चाक ह्यांचे माप विचारून घ्यावे. ज्या घरात कॉलेजच्या मुलाची गिअरची सायकल पडून आहे, तेथे मात्र हा मार्ग स्वस्तात पडतो. टायर मात्र लवकर झिजतो, व खाली काळी पूड पडते.

काही जण काळ्या सायकलीच्या स्वतःच्याच दुहेरी स्टॅंडवर ती उभी करून वर बसतात व पायडल मारतात. मुले तर हे नेहमीच करतात. मोठ्यांनी हे करू नये. तो स्टॅंड रिकामी सायकल उभी करण्यासाठी आहे, मोठ्या माणसाचे हलते वजन पेलण्यासाठी नाही. शिवाय चाक मोकळे फिरत असल्याने ताण काहीच पडत नाही. रिकामी मोट ओढल्यासारखे ते होते. दोर हलतो, पाणी येत नाही.

माप, चाक आणि ताण

आता मुख्य गोष्ट. लहान गोऱ्ह्याच्या मानेवर मोठ्या बैलाचे जू कुणी ठेवीत नाही. सायकल कोळप्याचे हॅंडलही ज्याच्या त्याच्या उंचीला बसवून घ्यावे लागते, नाही तर संध्याकाळी कंबर धरते. तसेच हे यंत्र ज्याच्या अंगाला बसेल त्याचेच. म्हणून ते चित्र पाहून घेऊ नये. ज्याला चालवावयाचे आहे त्याने स्वतः दहा मिनिटे बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मुलगा दूर असेल व यंत्र पोस्टाने येणार असेल, तर निदान आईवडिलांच्या पायाची लांबी टेपने मोजून त्याला कळवावी, म्हणजे तो सीटच्या उंचीशी ती ताडून पाहील.

सीटची उंची अशी पाहावी. पायडल अगदी खाली न्यावा आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण ढुंगण एका बाजूला कलता कामा नये. मग चवड्याचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. तेवढा हवाच. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते. वर राहिली तर मागच्या बाजूस. ‘सायकलने माझा गुडघा बिघडला’ म्हणणाऱ्यांची सीट आधी पाहावी, असे आमचे सांगणे आहे. बुटक्या स्त्रियांची अडचण येथेच होते. कित्येक यंत्रांची सीट अगदी खालच्या भोकात घातली तरी पाच फुटांच्या आतल्या बाईचे पाय नीट पोहोचत नाहीत. ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी तिच्यासाठी नाही. हॅंडल मात्र उंच चालेल, किंबहुना कंबरदुखी असलेल्यांनी उंचच ठेवावे.

आतील जड चाकाबद्दल जाहिरातीत फार बोलले जाते. त्याचे काम आपल्या आयाबहिणींना जात्यावरून चटकन कळेल. जड तळीचे जाते एकदा फिरू लागले की हाताला झटके देत नाही. हलके जाते प्रत्येक फेऱ्यात अडते. येथेही तसेच. चाक फार हलके असेल तर पायडल वरच्या व खालच्या टोकाला अडखळतो आणि तो धक्का गुडघ्याला बसतो. पण किती किलोचे चाक, ह्या एकाच आकड्यावर जाऊ नये. लहान चाक पट्ट्याने जलद फिरविले असेल तर तेही तितकेच गुळगुळीत चालते. पायाला काय जाणवते तेच खरे. सर्वांत कमी ताणावर एक मिनिट व मध्यम ताणावर एक मिनिट फिरवून पाहावे. कमी ताणावर अगदी हलके फिरले पाहिजे, कारण आजाऱ्याला तेथूनच सुरुवात करावयाची असते.

ताण देण्यासाठी काही स्वस्त यंत्रांत चाकावर लोकरीची गादी दाबली जाते. ती झिजते, तिचा भुगा पडतो, आणि वरचेवर बदलावी लागते. थोडे पैसे जास्त पडले तरी चुंबकाचे घ्यावे.

पडद्याविषयी दोन शब्द. त्यावर वेळ, वेग, अंतर, नाडी आणि जाळलेल्या कॅलरी असे पुष्कळ आकडे दिसतात. त्यांतील वेळ खरा. बाकीच्यांवर फार विसंबू नये. खरे मोजमाप करणारी यंत्रे निराळी. स्वीडनमध्ये १९५० च्या सुमारास मोनार्क सायकल तयार झाली, ती आजही प्रयोगशाळांतून आढळते. तिच्यात पायडलच्या एका फेऱ्यात चाकाची कड सहा मीटर फिरते. मिनिटाला ५० फेरे आणि चाकावर एक किलोचा ताण, म्हणजे सुमारे ५० वॅटचे काम. घरातील छताचा जुना पंखा ह्याहून जास्त वीज घेतो! एवढ्या कामावर अर्धा तास सायकल चालविली तर शरीर अंदाजे सव्वाशे ते दीडशे कॅलरी जाळते. म्हणजे ज्वारीच्या एका भाकरीहूनही कमी. घरगुती पडदा तेवढ्याच वेळात तीनशे दाखवील आणि माणूस खुशीत एक भाकरी जास्त खाईल. वजन उतरविण्यासाठी ताटाकडेच पाहावे लागते. सायकलचा लाभ साखर, रक्तदाब, गुडघ्याभोवतीचे स्नायू व दम ह्यांना होतो, आणि तो कमी नाही. पडद्यासाठी दोन-तीन हजार जास्त देण्यापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे, व तेच पैसे चांगल्या सीटसाठी घालावेत.

कोणत्या खोलीत ठेवावे

आपल्याकडे रिकामी खोली म्हणजे बहुधा धान्याची खोली. पोती, औषधाचे डबे, फवारणीचा पंप, आणि एका कोपऱ्यात सायकल. हे अत्यंत धोक्याचे आहे, आणि ह्या पाठातील एवढीच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी चालेल. किडीसाठी धान्यात ठेवतात त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील दमटपणा लागताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो कधी लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वासतो, कधी त्याचा वास येतही नाही. ह्या विषावर उतारा नाही. राहत्या घरात ह्या गोळ्या ठेवूच नयेत. जाणकाराच्या देखरेखीशिवाय त्या वापरावयाच्या नसतातच. व्यायाम करताना माणूस नेहमीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, म्हणजे विषही तितकेच जास्त घेणार. कीटकनाशकांच्या डब्यांचेही तसेच. धान्याची व औषधाची खोली सोडून दुसरीकडे, खिडकीजवळ, पडवीत किंवा माजघरात सायकल ठेवावी. पडवीत ठेवली तर पावसाचा शिंतोडा येणार नाही असे पाहावे, व मळणीच्या दिवसांत वर जुने धोतर टाकावे. भुसकट आत शिरले की पट्टा घसरू लागतो.

शहाबादी फरशी सुंदर खरी, पण जुन्या घरात ती सर्वत्र सपाट नसते. यंत्राच्या चार पायांखाली फिरते बूच असतात, ते खाली-वर करून यंत्र डगमगणार नाही असे बसवावे. खाली चटई घालावी, नाही तर घामाने फरशी निसरडी होते. घरात सायकल चालविताना रस्त्यासारखा वारा लागत नाही, म्हणून घाम फार येतो. चैत्र-वैशाखात दुपारी चालवूच नये. पहाटे, पंखा लावून किंवा खिडकी उघडून चालवावी, व जवळ पाण्याचा तांब्या ठेवावा.

मिस्त्री कोण?

यंत्र बिघडले की काय करावयाचे, हा विचार घेण्यापूर्वीच करावा. तीस-चाळीस किलोचे यंत्र पुन्हा खोक्यात भरून परत पाठविणे खेड्यातून सोपे नाही. ज्याचे बेअरिंग, क्रँक, पायडल हे भाग साध्या सायकलीच्या मापाचे आहेत, ते गावातील किंवा हुमनाबादचा सायकल मिस्त्री दुरुस्त करू शकतो. पट्टा असल्यास त्याचा नंबर लिहून ठेवावा. चेन असेल तर तिला तेल द्यावे लागते व ती थोडा आवाज करते, पण कुणालाही बसविता येते.

यंत्र घरी जोडताना एक गोष्ट हटकून चुकते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवा पायडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होतो, डावा उलट्या दिशेने. हे माहीत नसलेला माणूस डावा पायडल जोराने सुलट्या दिशेने आवळतो; आटे मरतात, पायडल ढिला राहतो आणि पंधरा दिवसांत क्रँकचे भोक रुंद होते. मग ग्राहक म्हणतो यंत्र खराब, आणि विक्रेता म्हणतो वॉरंटी नाही. पायडलवर डाव्या-उजव्याची खूण असते. आधी हाताच्या बोटांनीच चार-पाच फेरे फिरवावेत, सहज गेले तरच पाना लावावा.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी क्रँक धरून बाजूला हलवून पाहावी. हलली तर बेअरिंग गेले. सीटच्या नळीला गंज चढलेला असेल तर ती पुढे हलणार नाही. यंत्रावर किती किलोपर्यंतचा माणूस चालतो तो आकडा लिहिलेला असतो. घरातील सर्वांत जड माणसाच्या वजनाहून तो वीस किलोंनी तरी जास्त असावा.

चालविताना

सुरुवात पाच मिनिटांनी करावी. दहा, पंधरा असे वाढवीत महिन्या-दीड महिन्यात अर्ध्या तासावर यावे, आठवड्यातून पाच दिवस. ताण किती? चालविताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, तेव्हा नाडी मोजत बसण्यापेक्षा ही खूण बरी.

मधुमेहाचे जे रोगी इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ह्यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी उपाशीपोटी सायकलवर बसू नये. साखर १०० च्या खाली असेल तर आधी काही खावे, आणि खिशात गुळाचा खडा असावा. हातपाय कापू लागले, घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो खडा ताबडतोब तोंडात टाकावा. ह्याच रोग्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. पायडलने घासून फोड आला तरी कळत नाही. म्हणून अनवाणी किंवा रबरी चपलेवर चालवू नये, बंद बूट घालावा, व उतरल्यावर तळवे पाहावेत. डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराने चालवू नये.

गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांना सुरुवातीला पूर्ण फेरा जमत नाही. त्यांनी पायडल मागे-पुढे झुलवावा. सांधा मोकळा होत जातो तसा एक दिवस फेरा पुरा होतो. तो जबरदस्तीने करू नये. कधी व किती, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. छातीत दडपण आले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर उतरून आडवे होऊन वाट पाहत बसू नये. १०८ नंबरची गाडी बोलवावी.

साडी नेसणाऱ्या स्त्रियांनी पदर व निऱ्या नीट खोचून घ्याव्यात, आणि उघड्या चाकाचे किंवा उघड्या चेनचे यंत्र घेऊ नये. एकाच यंत्रावर सासू, सून व मुलगा असे तिघे बसणार असतील, तर प्रत्येक वेळी सीट खाली-वर करण्याचा कंटाळा येतो आणि मग सारेच एका उंचीवर चालवू लागतात. सीटच्या नळीवर ज्याच्या त्याच्या भोकाशी निरनिराळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवावा. सासूचा लाल, सुनेचा निळा, मुलाचा पांढरा. खुंटी काढून आपल्या ठिपक्यावर घातली की झाले.